टॉवेलची गाठ

मे महिन्यात सोलापुरात चॉकलेट गोठवायचं
म्हणजे बर्फाला उन्हात बसवून गप्पा मारायच्या.
तरी श्रीवाणीच्या लग्नाला चारच दिवस होते
आणि मी शब्द देऊन बसले होते:
गच्चीवर पार्टी, फक्त पोरी,
आणि केक असे, की कुणाच्या आईच्या नजरेला पडू नयेत.

साचे कुरिअरने आले, खाकी खोक्यातून.
खोकं माझ्याच आईनं फोडलं.
ओठांचा साचा तिला कळला. मिशीचाही.
तिसरा उजेडाकडे धरून म्हणाली,
"ही वांगी का गं?"
म्हटलं, "हो. भरताची."

अकराला लाईट गेली.
आमच्या फ्रिजचं दार तसंही दोरीनं बांधलेलं,
म्हणून लाल-पिवळ्या गोळ्या गेल्या
शेजारच्या शरणम्मांकडे,
दह्याच्या गाडग्याला टेकून निजल्या.
संध्याकाळी आणायला गेले तर चार कमी.
त्यांचे सासरे, दोन दातांचे अण्णा,
खुर्चीत डोळे मिटून एक चोखत होते.
"आंब्याची आहे. पण आकार कसला हा?"
"मिरचीचा, अण्णा."
"गोड मिरची!" त्यांनी मान डोलावली.
"काय काय निघतंय बाजारात."

रात्री चोवीस कपकेक ओळीत मांडले.
प्रत्येकावर साखरेचा एक नवरदेव,
छाती उघडी, मिशीला पीळ,
आणि कमरेला टॉवेल.
टॉवेल सोलापुरीच पाहिजे, निळ्या पट्ट्यांचा,
काठाला दोन रेघा,
बाबा ज्याची थप्पी बावीस वर्षं मागावरून उतरवत होते तो.
नखानं उचलता आला पाहिजे.
खाली काय ते मी वेगळं घडवलं होतं,
दार लावून.

पण टॉवेल तडकत होता.
गुंडाळायला घेतला की कमरेवर चीर,
सातवा, आठवा, नववा,
घामाचा थेंब नवरदेवाच्या डोक्यावर.

आई कधी मागे येऊन उभी राहिली, कळलं नाही.
तिनं काही विचारलं नाही.
फळीवरून पत्र्याचा तुकडा काढला,
ज्यानं तिनं तेंदूची पानं कापली,
दिवसाला हजार विड्या, मी पोटात असतानाही.
साखरेची पोळी पातळ लाटली,
पत्रा ठेवून कापली,
ओल्या फडक्याखाली जरा झाकली,
आणि दोन बोटांत धरून
एका वळशात गुंडाळली कमरेला.
टोक नखानं आत दाबलं,
विडीचं तोंड मिटतात तसं.
"गाठ डावीकडे असते," म्हणाली.
"तुझे बाबा डावीकडे मारतात."

चौदा झाले. पंधराव्याला
तिनं टॉवेल हळूच वर केला.
माझा श्वास ओव्हनमध्ये अडकला.
तिनं पाहिलं. सावकाश पाहिलं.
पुन्हा झाकलं.
"पोरीला इतकं खोटं कशाला सांगतेस?"

मग आम्ही अशा हसलो
की बाबांनी माडीवरून विचारलं, काय झालं,
आणि आई म्हणाली, "काही नाही, वांगी करपली."

नंतर भांडी घासताना, पाठमोरी, ती म्हणाली:
"मला कुणी एक शब्द सांगितला नव्हता.
हळद धुतली, दिवा मालवला.
छताला नऊ तुळया होत्या."
नळाला चार दिवसांनी पाणी आलेलं,
ते जोरात वाहत राहिलं.
मी नळ बंद केला नाही.

दुसऱ्या रात्री गच्चीवर
शाहीननं शिट्टी वाजवली, रत्नमाला लाजून जिन्यात पळाली.
श्रीवाणीनं एकदम तीन टॉवेल उचलले.
तिनं त्याला दोनदाच पाहिलंय,
एकदा बघायला आला तेव्हा, एकदा फोनवर,
तेही चित्र अडकत होतं.
हसता हसता तिनं हळूच मला विचारलं,
"खरंच, भिती वाटते का गं?"
माझ्याकडे उत्तर नव्हतं.
लग्न माझंही व्हायचंय.
"आईनं गाठ डावीकडे मारलीय," मी म्हटलं.
"खा आधी. वितळतोय तो."

ट्रे परत आणला तर मोजदाद जुळेना.
तेवीसच नेले होते वर.
सकाळी विड्यांच्या सुपात, फडक्याखाली,
एक निळा टॉवेल सापडला,
रिकामा, नीट घडी घातलेला.