तीनशे डॉलरच्या आत

दर महिन्याच्या पाच तारखेला
माझं घर मला कागदावर भेटायला येतं.
भाडं, वजा दहा टक्के,
वजा खालच्या मजल्याच्या नळाचा वायसर,
वजा फर्नेसचे फिल्टर, नग दोन.
(दोन कशाला? मी एकच बदलायचो,
दुसरा अंगणात झटकून परत बसवायचो.)

विनिपेग सोडून केलोनाला लेकीकडे आलो,
ते गुडघ्यांनी ठरवलं.
टीमच्या ऑफिसात कॉफी चांगली होती.
मारिबेलने पानोपानी पेन्सिलीच्या खुणा करून ठेवलेल्या,
इथे सही, इथे सही, इथे आद्याक्षरं.
कलम नऊ: तीनशे डॉलरच्या आतल्या कामाला
मालकाला विचारण्याची गरज नाही.
म्हटलं, बरं झालं, कटकट मिटली.

आणि खरंच मिटली.
उणे अडतीसमध्ये पाइप गोठला
ते मला कळलं तो वितळून अकरा दिवस झाल्यावर.
वरच्या तेकलेंना मूल झालं
ते खिडकीच्या जाळीच्या पावतीवरून:
‘घरात बाळ, तातडीचं’, नव्वद.

मग ऑगस्टच्या हिशेबात एक ओळ.
मागचं झाड काढणे, पन्हळीत पानं अडकतात.
बुंध्यासकट.
दोनशे ऐंशी.

ओलेनाने लावलेलं. सफरचंदं इतकी आंबट
की एका घासात दात आंबायचे,
तरी बाई बरण्या भरभरून गल्लीभर वाटायची
आणि रिकाम्या बरण्या परत मागायची.

मी फोन केला. मारिबेल बिचारी गप्प झाली.
तिचं काहीच चुकलं नव्हतं. फोटो होते,
आधीचा, नंतरचा. सही माझी होती.
विचारलं, फळं धरली होती का?
म्हणाली, रिपोर्टमध्ये तसं काही नाही,
मिस्टर हावरिलुक.

त्याच आठवड्यात कलम नऊ बदलून घेतलं.
तीनशे खोडून वीस.
मॅनेजर म्हणाला, अहो, उठसूट फोन करावा लागेल तुम्हाला.
म्हटलं, करा.

आता करतात.
काल मारिबेल म्हणाली, जिन्यातला बल्ब गेलाय,
माणूस पाठवून बावीस डॉलर, परवानगी आहे?
कुठल्या जिन्यातला?
मागच्या.
मी म्हटलं, तिथली तिसरी पायरी
अजून वाजते का?

थांबा हं, म्हणाली,
विचारून सांगते.