जानेवारीत येऊ नका

फोनवर मी हेच सांगत आले एकतीस वर्षं:
जानेवारीत येऊ नका.
शेहेचाळीस अंशांत डांबर चप्पल धरून ठेवतं,
माश्या डोळ्यांतलं पाणी प्यायला येतात,
आणि गाडी बंद पडली तर गाडीपाशीच बसा.
सावली शोधत निघालेला माणूस
दोन दिवसांनी सापडतो,
बूट नीट जोडीने काढून ठेवलेला.
पलीकडचा गप्प होतो. मग विचारतो,
पण पेट्रोल मिळेल ना?

यंदा नकाशा माझ्याच गल्ल्यावर पसरलाय.
घड्यांवर पिवळ्या पडलेल्या चिकटपट्ट्या,
तीन-चार गावं त्यांच्याखाली कायमची गेलीत.
इरेना कूबर पीडीहून आली, स्वतःची उशी घेऊन.
जमिनीखालच्या घरात पन्नास वर्षं काढलेली बाई,
पंपावरच्या उजेडात अजून डोळे बारीक करते.

शहाण्यानं हिवाळ्यात निघावं.
पण हिवाळ्यात सगळं शहाणं जग इथूनच जातं,
कॅरॅव्हॅनमागे कॅरॅव्हॅन,
आणि मला गल्ल्यावरून हलता येत नाही.
उन्हाळा तेवढा आमचा,
कुणालाच नको असतो म्हणून.

तर ठरलं ते असं:
पहाटे तीनला निघायचं, दहाच्या आत थांबायचं.
तिन्हीसांजेला गाडी नाही, कांगारू रस्त्यावर येतात.
पोर्ट ऑगस्टाला उजवीकडे.
स्ट्रीकी बेला मासे. मग सेडूना,
मग ते कडे, जिथे देश
सुरीने कापल्यासारखा संपतो.
तिथे कठडा आहे का, इरेना विचारते.
माहीत नाही.
एकतीस वर्षं मी लोकांना तिकडची वाट सांगतेय.

भांडण पाण्यावरून नाही. पाणी ऐंशी लिटर, दोघींना मान्य.
भांडण दुसऱ्या स्टेपनीवरून.
तिला त्या जागी खुर्ची हवी, लाकडी, हातांची.
एवढ्या लांब जाऊन समुद्रासमोर
मी वाळूत बसणार नाही, म्हणते.
ती बेटावरची. एकोणिसाव्या वर्षी बोटीत बसली,
उतरली, लग्न केलं,
आणि नवऱ्यामागून जमिनीत शिरली.

टपालाचा ट्रक घेऊन ट्रेव मंगळवारी आला.
आमची यादी वाचली, चहा संपवला,
पंख्याचा पट्टा, असं पेन्सिलीने खाली लिहिलं.
मग पुन्हा पेन्सिल उचलून:
रोज संध्याकाळी फोन. नाही आला तर मी निघतो.
आणि न बोलता गेला.
खुर्चीवर त्याने काट मारली नव्हती.

रात्री इरेनाने रुमाल सोडला.
आत शिंपला, नखाएवढा, अख्खा ओपलचा,
हलवला की हिरवा, मग जांभळा, मग काहीच नाही.
आन्तेने कधी विकला नाही हा.
खाणीतून वर आला की म्हणायचा,
समुद्र इथेच होता, इरेना,
आपल्यालाच जरा उशीर झाला.

परत देणार आहेस का समुद्राला?
वेडी का तू? किंमत माहितेय याची?
नुसता दाखवणार.

माझ्याकडे दाखवायला काही नाही.
समुद्र मी शेवटचा पाहिला एकोणीस वर्षांपूर्वी,
पोरीच्या लग्नात, ग्लेनेल्गच्या धक्क्यावर,
आणि तोही पाठीमागे होता, फोटोसाठी.
सगळे हसा म्हणाले, हसले.
मागे काहीतरी मोठं श्वास घेत होतं.

आत्ताच फोन वाजला.
कोवळा आवाज, मेलबर्नचा,
मागे कुणी मुलगी हळूच सांगतेय, विचार, विचार.
जानेवारीत आलो तर?
तोंडावर आलेलं वाक्य मी गिळलं.
म्हटलं, पाणी माणशी दहा लिटर, रोजचं.
गाडी सोडू नका.
पेट्रोल मिळेल, ट्रेवची भाची असेल पंपावर.
मी नसेन.

का, कुठे? तो म्हणाला.
कुणी मला हे कधी विचारलं नव्हतं.
खिडकीतून इरेना दिसत होती,
टपावर खुर्ची बांधत,
पाय आकाशाकडे करून.