सहाशे चार

हडर्सफील्डच्या गिरणीत एकतीस वर्षं
मी कापड तपासलं.
उजेडाच्या टेबलावरून थान सरकायचं,
तुटला धागा, चुकलेली वीण, तेलाचा डाग:
खडूनं खूण, वहीत आकडा.

आता तसल्याच वहीत
दर सहा आठवड्यांनी एक आकडा माझा.
एलडीएच. चारशे बारा. चारशे सदुसष्ट. पाचशे अडतीस.
पेशी फुटली की रक्तात सांडतं म्हणे हे.
वरच्या मजल्यावर नळ फुटल्याचं
खालच्याच्या छतावरून कळावं, तसं.
हाड स्वतःहून काही सांगत नाही.

मज्जेत कुणीतरी धागे भरतंय,
ना ताणा ना बाणा, नुसते घट्ट.
असलं कापड मी पहिल्या वारातच परत पाठवलं असतं.
रक्त करायला तिथे जागा उरेना,
म्हणून पाणथरी ते काम घेऊन बसलीय
डाव्या बरगडीखाली, आणि फुगतेय.
हेमलता म्हणते, घास लहान घ्या.

मार्चमध्ये आठशे नव्वद.
त्या रात्री तिनं इस्त्री झालेले कपडे
पुन्हा इस्त्री केले.
मी आकडा लिहिला नाही.
पेन्सिलीनं नुसता ठिपका दिला.

सकाळी फोन. रक्तविभागातला कॅलम, पोरगाच तो:
नमुना बिघडला होता, पेशी नळीतच फुटल्या,
सुई बारीक असेल, नाहीतर व्हॅन खड्ड्यातून गेली असेल,
पुन्हा याल का?

बर्फाचा चिखल झालेला. बस चढावर कण्हली.
बर्निसनं या खेपेला दुसरा हात मागितला,
शीर चाचपली, मी कापडाची किनार चाचपायचो तशी,
नजर भलतीकडे, बोटं कामावर.
नळी भरली. तिनं ती झटकली नाही,
अंडं ठेवावं तशी ट्रेमध्ये ठेवली.

सहाशे चार.

हेमलतानं देवापुढे साखर ठेवली.
मी म्हटलं, अगं, वाढलाच आहे की.
पाचशे अडतीस आला तेव्हा
आपण दोघंही जेवलो नव्हतो.
आठवतंय, म्हणाली,
आणि चिमूटभर साखर माझ्या तळहातावर ठेवली.

ठिपका खोडला. कागद तिथे पातळ झालाय,
बोट फिरवलं की कळतं.
शेजारी आकडा लिहिला
आणि पुढच्या तारखेसाठी ओळ आखली.