बर्फाची बादली

डाव्या हाताची करंगळी अशी वाकडी झाली
ती म्हापशात, डुलरच्या मैदानावर,
आंतोन नावाच्या एका विंगरच्या बुटाखाली.
चेंडू हातात होता. सोडला नाही.
दुसऱ्या दिवशी पेपरात त्याची ओळही नव्हती.
न झालेल्या गोलाची बातमी होत नसते.

अकरा हंगाम मी कंपनीच्या दोन खांबांमध्ये उभा राहिलो.
कंपनी खाणीची. कागदावर मी वजनकाट्यावरचा कारकून,
प्रत्यक्षात डिचोलीहून सुटणाऱ्या बसमध्ये
मागच्या बाकावर, मांडीवर हातमोजे.
पगार सात तारखेला. जिंकलो तर वर पाकीट.
हरलो तर साहेब मला खरोखरच काट्यावर बसवायचे,
लाल धूळ, ट्रकमागून ट्रक,
आणि प्रत्येक ड्रायव्हर खिडकीतून वाकून:
"शाणू, काल सुटला कसा रे?"

अडवलेले मला आठवत नाहीत.
सुटलेले सगळे आठवतात,
दुकानदाराला उधारी आठवते तसे,
कोणाचा, कुठल्या बाजूने, किती राहिलं होतं मिनिटांत.

सराव संपला की हात बर्फात.
बर्फ मासळी बाजारातला,
तासाभराने वर काढलेल्या बोटांना बांगड्याचा वास.
घरी मांजर मागे मागे यायचं.
तो बर्फ फोडायचा कायतान,
आमचा दुसरा गोली.
माझ्याहून बरा होता. हे आता सांगतो.
सहा वर्षं बाकावर बसला,
मला एकदा तरी ताप यावा
असं त्याच्या मनात आलं नसेल, असं नाही.

एकदा आला होता.
कोणाला सांगितलं नाही.

त्या दिवशी फातोर्ड्याला फायनल होती.
सकाळी बोट सुजलं म्हणून त्याने बादली आणली,
मी हात घातला, त्याच्याकडे बघितलं नाही.
शेवटची दोन मिनिटं. एक साधा चेंडू,
टप्पा खात, रमतगमत आलेला,
कापणीनंतरच्या शेतात खेळणाऱ्या पोरानेही धरला असता.
माझ्या पायांमधून गेला.
अख्खं स्टेडियम उठलं.
मी जाळ्याकडे वळलो नाही, बाकाकडे बघितलं.
कायतान खाली वाकून
बुटाच्या नाड्या सोडत होता.

पुढच्या पावसाआधी तो बोटीवर गेला,
भटारखान्यात, हजार माणसांचे बटाटे सोलायला.
मला कंपनीने आणखी तीन वर्षं ठेवलं,
मग दोन ओळींचं पत्र,
तिसऱ्या ओळीत शुभेच्छा.
नंतर खाणच बंद पडली, काटाही गेला.

आता मी सारमानसच्या फेरीवर असतो.
दोर टाकणं, दोर धरणं, गाड्या आत घेणं.
कधी एखादा स्कूटरवाला निरखून बघतो:
"तुम्हीच ना ते, फातोर्ड्याचे?"
मीच, म्हणतो. स्कूटर थोडी पुढे घ्या.
तीस वर्षं झाली. माझा बाप विसरले लोक,
तो चेंडू नाही विसरले.
थोडं बरंही वाटतं, खोटं का बोलू.

परवा कायतान आला. केस पांढरे, हातात बाजाराची पिशवी.
पलीकडे जायला दहा मिनिटं लागतात,
तीस वर्षांचं ओझं उतरवायला पुरे झाली असती.
मी अर्ध्या नदीपर्यंत नुसता हवेबद्दल बोललो.
मग म्हणालो, त्या दिवशी मला ताप होता.

"म्हाका खबर आशिल्लें," तो म्हणाला.
बर्फ फोडणाऱ्याला कळतं, म्हणाला,
रोज तासभर पुरणारी बादली
त्या सकाळी पाव तासात पाणी झाली.

मग सांगितलं का नाहीस?
मी विचारणार होतो.
पण किनारा आला, पलीकडून दोर सुटला,
आणि माझा डावा हात, मला न विचारता,
वर गेला.