वादळाची सुट्टी

शाळा बंद. वादळ अजून भर समुद्रात,
मसीरा बेटाच्या पलीकडे कुठेतरी,
सुट्टी मात्र कालच किनाऱ्याला लागली.

थंकम्मा बायोलॉजी शिकवते. म्हणाली,
टाक्या भरल्या, मेणबत्त्या आणल्या,
काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या मारून झाल्या,
आता दिवसभर काय, फुल्या मोजत बसू?

म्हणून निघालो. रुवीच्या मागे पाच आहेत.
डोंगर म्हणायला जीभ रेटत नाही.
टेपाडं. टेंगळं.
चहाचा चोथा वाळत घालावा तसा रंग.
दुरून डोंगर साजरे म्हणतात, हे दुरूनही नाहीत,
आणि दूर तरी कुठे,
अठरा वर्षं माझ्या ओट्यासमोरच्या खिडकीत आहेत.

अठरा वर्षं फळ्यावर मी समोच्च रेषा काढतेय :
रेषा जवळजवळ, तर चढ उभा.
लिहून घ्या.

पहिलीवर कळलं,
दोन रेषांच्या मधे घसारा असतो.
एक पाऊल वर, पाऊण पाऊल खाली,
हात टेकावा तर दगड तापलेला,
सकाळी साडेसातलाच, पोळी टाकता येईल इतका.
माथ्यावर बुटका बुरूज, दाराला कुलूप,
आणि एक बकरी,
जिला सुट्टीचं कुणी कळवलं नव्हतं.

दुसरीबद्दल सांगण्यासारखं काही नाही.
तिथे आम्ही संत्रं खाल्लं.

तिसरीच्या अर्ध्यात थंकम्माच्या बुटाचा तळ उघडला.
ती बसली, ओढणीने बूट करकचून बांधला
आणि गाठ मारता मारता म्हणाली,
ह्यांची नोकरी मार्चमध्येच गेली.
सप्टेंबरात आम्ही जाणार, कोट्टयमला, कायमचे.
हवामानाच्या बातम्या सांगावं तशा आवाजात.
मी पाण्याच्या बाटल्या मोजल्या.
तीन होत्या. पुन्हा मोजल्या.

खाली वादी. इथे वादी म्हणजे कोरडी नदी,
माझ्या आजोळी वाडी म्हणजे चार घरं नि एक विहीर.
नदीच्या पात्रात रांगेने गाड्या उभ्या,
आणि भोंग्यातून पोलीस सांगतोय, काढा, काढा.
शाळेचा वॉचमन खलफान
दिशदाशा कमरेला खोचून कुणाची तरी पिकअप ढकलत होता.
आम्हाला पाहून त्याने दोन्ही हात वर केले,
ओ उस्ताझा! आज वर कोण जातं?
बकऱ्यासुद्धा उतरल्या!

म्हणजे तिला कुणीतरी कळवलं.

चौथीवरून समुद्र दिसला.
मत्रहच्या धक्क्यावरची जहाजं खोल पाण्यात निघून गेलेली,
बंदर रिकामं,
पंगत उठून पत्रावळी उचलल्यावरच्या अंगणासारखं.
वारा नाही. पान हलत नाही म्हणावं, तर पान नाही.
एवढ्यात हर्णैहून आईचा फोन :
तुमच्याकडे वळलं म्हणे? सुटलो बाई.
मग थोडा वेळ नुसती खरखर.
म्हणजे, तसं नाही गं.

वादळ जन्मायच्या आधीपासून त्याचं नाव यादीत असतं,
ह्यांना मेलं कुणी एक नाव दिलेलं नाही.
थंकम्मा म्हणाली, आपण ठेवू या नावं.
म्हटलं, आमच्यात नावं ठेवणं वेगळं,
त्यात मी पटाईत आहे.
तिला समजावून सांगितलं. ती इतकी हसली
की बुटाची गाठ सुटली.

पाचवी समोरच. सगळ्यांत ठेंगणी.
वीस मिनिटं, फार तर पंचवीस.
पूर्वेकडे आभाळाचा खालचा काठ
दौत लवंडल्यासारखा पसरत होता,
आणि मग तो आला, वारा,
आधी धुळीतून, मग कानातून, मग टोपी घेऊन.
आम्ही पाचवीकडे बघत उभ्या राहिलो,
रिक्षा थांबेल का नाही, असं बघत राहतात तसं.

सप्टेंबरला वेळ आहे, ती म्हणाली.
हो, म्हटलं. जून तर चाललाय.

उतरताना मी पुढे, ती माझ्या खांद्याला धरून मागे.
वादीच्या काठाशी पहिला थेंब
तिच्या बुटाला बांधलेल्या ओढणीवर पडला,
की तो संत्र्याचा डाग होता,
नक्की सांगता यायचं नाही.