बारातून दहा

वस्त्र नवं होतं, असं स्पष्ट लिहिलंय.
शिळोच्या संदेष्ट्यानं ते अंगावरून उतरवलं
आणि मोकळ्या रानात, दोघंच असताना,
टराटरा फाडलं. बारा तुकडे.
दहा तू घे, यराबामा.

दर वेळी मी इथं अडते.
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
अठ्ठावीस वर्षं चादरी तपासल्यात मी.
एक तार तुटली तरी बोटाला टोचते.
कोरं कापड फाडायला देवच सांगतो,
हे रविवारच्या मुलांना
मला अजून नीट सांगता आलेलं नाही.

यराबाम आधी मुकादम होता, हे मात्र त्यांना पटकन कळतं.
मलाही. डोळ्यापुढे हनोख मुकादम येतात,
मागांच्या खडखडाटात ओठांवरून बोलणं ओळखणारे.
गिरणीचा भोंगा थांबला त्या वर्षी
आमच्या वतीनं तेच गेले बंगल्यावर:
जू थोडं सैल करा, साहेब.
मालकाचा तरणा पोरगा हसला म्हणे.
आम्ही मुकादमांना खांद्यावर घेतलं.
खांदे आमचेच होते.

मग त्यांची झोप उडाली.
माणसं अजून त्या जुन्या दगडी देवळात जायची,
त्याच चिरक्या घंटेला, त्याच म्हाताऱ्या पाळकाकडे.
गेली तिकडे, तर मन तिकडेच राहील.
रुळांपलीकडे पत्र्याचं मंदिर उभं राहिलं,
दारावर काळा ग्रॅनाईट, त्यावर सोनेरी अक्षरांत एकच नाव.
चैत्रातच त्रेचाळीस डिग्री, आयाबायांनो,
एवढं लांब कशाला चालता?

यराबामही असंच बोलला होता. लांब पडतं तुम्हाला.
एक वासरू बेथेलला, एक दानला,
दोन्ही सोन्याची, दोन्ही पायाखालच्या वाटेवर.
त्या काळजीचीच मला भीती वाटते.
रागावला असता तर लोकांनी ओळखलं असतं.

मीही गेले. चार वर्षं.
जवळ होतं. पंखे होते.

परवा हनोख मुकादमांना बघून आले.
नाव विसरले माझं. मंदिर विसरले.
मांडीवर चादर होती,
अंगठा तिच्या काठावरून फिरत फिरत थांबला.
"बाणा ढिला आहे," म्हणाले. "कोणाचा माग हा?"
खरंच ढिला होता.
मी काही बोलले नाही. शेंगाची चटणी ठेवली, निघाले.

आज वर्गात कोंड्यालांची सुवार्ता बोटं मोजत बसली होती.
बाई, बारातून दहा गेले, उरले दोन.
पण सांगताना संदेष्टा म्हणतो,
दावीदाच्या घराला एकच ठेवलाय.
मग एक तुकडा कुठं गेला?

पंडितांकडे याचं उत्तर असेल.
मी खात्यातली रीत सांगितली:
मोजणीत माल कमी भरला
की दुसऱ्याच्या अंगावर ओरडायचं नाही,
आधी आपली पिशवी उलटी करायची.

तिनं लगेच दप्तर उलटं केलं.
माझी पिशवी खुर्चीला अडकवलेली होती.