डावा मोजा

डॉक्टर एतेरीने कागदावर लिहिलं: इशियासी.
ऐकताना वाटलं, लांबच्या गावची कुणी आत्या असावी,
न कळवता आलेली, वळकटी काखेत मारून,
आणि कुल्ल्यापासून करंगळीपर्यंत
डाव्या पायात तिने बिऱ्हाडच थाटलं.

तेलावीच्या उतरणीवर माझी भट्टी.
मातीची, रांजणासारखी, छातीएवढी खोल.
द्राक्षवेलींच्या छाटलेल्या काटक्यांवर तापते,
आणि शोती तिच्या आतल्या भिंतीला थापायची तर
काठावर पोट टेकून, पाय हवेत सोडून
डोक्यावर खाली जावं लागतं,
विहिरीत घागर जावी तसं.
तीस वर्षं गेलो. कधी मोजलं नाही.

"वाकायचं नाही," एतेरी म्हणाली.
"उचलायचं नाही. फार बसायचं नाही. फार लोळायचंही नाही."
मग करायचं काय?
"चाला," म्हणाली, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

तर मी चालतो.
पहाटे चारला, किल्ल्याच्या भिंतीपर्यंत आणि परत.
गॅसवाल्याचा लंगडा कुत्रा सोबत असतो.
आम्ही एकमेकांच्या पायांकडे बघत नाही.

मेजवानीत हल्ली खुर्ची घेत नाही.
मेलेल्यांच्या नावाने, पोरांच्या नावाने, पाहुण्यांच्या नावाने
प्रत्येक पेल्याला मी उभाच.
पाहुणे म्हणतात, केवढा मान देतो हा माणूस!
त्सिउरी ताटात बघून हसते.

रात्री जमिनीवर. गुडघ्यांखाली मैद्याची रिकामी पोती.
कूस आधी मनात बदलायची,
मग खांदा, मग कंबर, मग दातओठ खात तो पाय,
जो माझा असून माझं ऐकत नाही.
तीनला सणक येते,
उघड्या तारेवर ओला टॉवेल पडावा तशी.
शिव्या देत नाही. भिंतीपलीकडे लामाराचं तान्हं आहे.
पाव मोजतो.

पूर्वी तीनशे. आता नव्वद.
बाकीचे बेका थापतो, बहिणीचा मुलगा, कानात गाणी कोंबून.
माझे होडीसारखे व्हायचे, त्याचे चपलेसारखे होतात.
रांगेतली माणसं विचारतात, "यातले बाद्रीचे कुठले?"
मी म्हणतो, सगळेच.

परवा कुणी बघत नव्हतं म्हणून
पन्नास किलोचं पोतं उचललं.
पुढचे तीन दिवस संडासापर्यंत भिंत धरून.
चौथ्या दिवशी सुतार बोलावला,
कंबरेएवढ्या उंचीवर फळी ठोकून घेतली. साठ लारी.
तीस वर्षांत सुचली नव्हती.

आता एक गोष्ट, जी एतेरीला सांगितलेली नाही.
उलटा आत गेलो ना,
डोकं धगीत, पाय वर,
मणके आपल्याच वजनाने सुटे होताना
चार श्वास काही दुखत नाही.
काहीच नाही.
जणू आत्या पाण्याला गेली.
पाव लावून झाला तरी मी तिथेच राहतो
भुवया करपेपर्यंत.
मग बेका पट्ट्याला धरून ओढतो, "मामा!"
आणि पाय जमिनीला लागतात न लागतात
तोच ती हजर, घागर भरून.

आणि हो, मोजा.
चार महिने झाले, डावा मोजा त्सिउरी घालते,
न विचारता, दाराशी उकिडवी बसून,
पोरांना शाळेत धाडताना घालायची तसा.
आज ती कोंबड्यांकडे गेलेली.
मी भिंतीला टेकलो. टाच पलंगाच्या काठावर ठेवली. घसरली.
पुन्हा ठेवली. भट्टीतून पाव काढायच्या आकड्याने
मोज्याचं तोंड वर ओढलं.
अकरा मिनिटं.
मान वर केली तर दारात ती, एप्रनच्या ओच्यात अंडी,
किती वेळची, कोण जाणे.
"टाच वरच्या बाजूला आलीये," म्हणाली.
"राहू दे," म्हणालो.
भट्टी तापली होती.